टिटवीने मागितलेला तोंडी कौल

माणसांनी नदीवर पूल बांधला त्याच्या फार आधी, पाच माकडे रानाचे कायदे करीत. अंडी खाणाऱ्या घोरपडीला नदीकाठच्या टिटव्यांच्या वाळवंटात मोकळे फिरू द्यावे, असा ठराव एकदा आला. एरवी तासभर भांडणाऱ्या माकडांनी त्या दिवशी नुसत्या माना डोलावल्या.

चार अंडी उबवणाऱ्या टिटवीला संशय आला. “दादांनो, रिवाजाप्रमाणे तोंडाने ‘हो’ म्हणा की!”

तोंडे उघडताच गालांत दडवलेली उंबरे टपटप पडली. त्या रानात उंबराचे झाड एकच होते, घोरपडीच्या बिळावरचे.

“ठराव रद्द,” म्होरक्या ओशाळून म्हणाला. “झाले समाधान?”

“नाही. घोरपडीलाही इथे उभे करा. तुमचे गाल रिकामे झाले, तिचे झाड अजून लगडलेले आहे.”