ज्या नगरात रडायला मनाई होती

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आज कुणालाही सांगता येणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगराभोवती दगडी तट होता आणि तटाखालून एक ओढा वाहत होता.

त्या नगरात एक दाई राहत होती. तिचं स्वतःचं बाळ पाळण्यातच गेलं होतं. त्याच दिवसांत राजवाड्यात राणीला जुळे मुलगे झाले, आणि राणी काही त्या बाळंतपणातून उठली नाही. दाईला बोलावणं आलं. डोळे पुसून तिनं दोन्ही राजपुत्रांना पदराखाली घेतलं आणि स्वतःच्या दुधावर वाढवलं. थोरला शांत होता, पण हट्टी. धाकटा तापट, पण फार मायाळू. झोप येईना की तो दाईच्या कानाची पाळी चिमटीत धरून पडून राहायचा.

मुलं मोठी झाली. म्हातारा राजा वारला आणि गादी थोरल्याला मिळाली. धाकट्याला ते सोसलं नाही.

"घटकाभर आधी जन्मला म्हणून तो राजा, आणि मी त्याचा चाकर?" असं म्हणून तो राज्य सोडून निघाला. दाई वेशीपर्यंत त्याच्यामागे धावली. घोडा न थांबवताच तो म्हणाला, "आई, जेवायला थांबू नकोस."

पण ती थांबतच राहिली. ऊन उतरलं की ती तटावर चढायची आणि डोंगराकडच्या वाटेकडे बघत बसायची. लांबवर धूळ उडाली की उठून उभी राहायची. एखादं गुरांचं खिल्लार असायचं, नाहीतर नुसता वारा. मग ती हळूहळू पायऱ्या उतरायची.

शेवटी एकदा धूळ उडाली आणि तो खरंच आला. पण फौज घेऊन आला. शेतातली उभी पिकं जळाली, घरोघरची तरुण माणसं पडली. ओढ्यापलीकडच्या माळावर शेवटची लढाई झाली आणि तिथेच धाकटा मारला गेला.

राजानं दवंडी पिटवली. "राज्यावर चालून आलेल्याला अग्नी मिळणार नाही. त्याच्यासाठी कुणी रडायचं नाही. जो ही आज्ञा मोडील, त्याला नगराचं दार कायमचं बंद होईल."

राजा काही निर्दय नव्हता. ज्या घरांतली मुलं या लढाईत गेली होती, त्या घरांना काय तोंड दाखवायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. लोकांनाही आज्ञा पटली. निदान कुणी काही बोललं नाही.

दाई दोन्ही हात मांडीवर ठेवून घरात बसून राहिली. तिला वाटत होतं, आपलं लेकरू उघड्यावर पडलं आहे. ऊन लागत असेल त्याला. मेलेल्याला ऊन लागत नाही हे तिला कळत होतं, पण जिवाला पटत नव्हतं.

भर दुपारी, माळावर बसवलेले पहारेकरी उन्हाला कंटाळून झाडाखाली लवंडले, तेव्हा ती मडक्यात निखारे घेऊन ओढा ओलांडून गेली. वाळलेल्या काटक्या गोळा केल्या, झुडपं ओढून आणली. हात रक्ताळले. त्याचा चेहरा तिनं पदरानं पुसला, त्याला काटक्यांनी झाकलं आणि निखारे ठेवले. तेव्हाच ती परतली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण जाळ वर चढला आणि इतके दिवस कोंडलेला हंबरडा तिच्या तोंडून बाहेर पडला. धूर बघून आणि तो आवाज ऐकून पहारेकरी धावत आले.

तिला दरबारात उभं केलं. तिला बघताच राजाचा चेहरा पडला. त्यानं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. फक्त एक म्हातारा प्रधान मागे राहिला.

राजा खालच्या आवाजात म्हणाला, "आई, अग्नी कुणी दिला ते कुणी पाहिलेलं नाही. तू रडताना सापडलीस, एवढंच. माझ्या बाळाची आठवण आली म्हणून रडत होते, असं सांग आणि घरी जा."



"माझं बाळ गेलं तेव्हा मला रडायला वेळ मिळाला नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघं भुकेनं ओरडत होता. आता त्याच्या नावावर खोटं बोलू? नाही बाळा. अग्नी मी दिला. आणि मी त्याच्यासाठीच रडत होते."

"माझी आज्ञा तुला ठाऊक नव्हती का?"

"होती ना. तुझी आज्ञा दवंडीनं कळली. पण आपल्या माणसाला नीट पोचवावं, हे कुणी दवंडी पिटून सांगितलं होतं का? तुझ्या आधीच्या राजांच्याही आधीपासून ते चालत आलंय. ते देवाचं आहे. मी दोन्हींतलं जुनं ते पाळलं."

"तुला सोडलं तर उद्या माझा शब्द कोण मानेल?"

"मग सोडू नकोस," दाई म्हणाली. "तुझ्यावर माझा राग नाही."

नगराचं दार तिच्यामागे बंद झालं.

ती ओढ्यापलीकडे, चितेच्या जाळानं काळ्या पडलेल्या दगडांजवळ एक खोपट बांधून राहू लागली. धनगर जाता-येता तिला भाकरी द्यायचे. आता तिची वाट पाहण्याची दिशा बदलली. पूर्वी ती तटावरून डोंगराच्या वाटेकडे बघायची, आता माळावरून तटाकडे बघत बसायची. कधीतरी संध्याकाळी तटावर कुणीतरी एकटंच येऊन उभं राहायचं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नसे, पण उभं राहायची ढब तिला ओळखू येई. ती हात हलवायची नाही. त्याला अवघड होईल, असं तिला वाटायचं. तो आत निघून गेला की तिला वाटे, हा जेवतो ना वेळेवर?

पावसाळा सरला आणि नगरात तापाची साथ आली.

एका सकाळी दाईनं पाहिलं, नगराचं दार उघडलं आणि लोक ओढ्याकाठी येऊ लागले. सगळ्यांत पुढे राजा होता. त्याच्या हातावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, इवलंसं. ती राजाची लेक होती. दाईनंच तिला बोट धरून चालायला शिकवलं होतं.

लोकांनी खड्डा खणला. राजानं लेकीला मातीत ठेवलं. आणि एवढ्या मोठ्या गर्दीतून एक हुंदकाही आला नाही. बायका ओठ मिटून उभ्या होत्या. पुरुष पहारेकऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. कुणासाठी रडावं आणि कुणासाठी रडू नये, हे विचारून ठरवायची सवय लागली की माणसं रडणंच टाकून देतात, तसं त्या नगराचं झालं होतं.

राजानं मागे वळून पाहिलं. ओळीनं उभे असलेले कोरडे चेहरे पाहून तो घाबरला.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून रडणं ऐकू आलं. म्हातारा, चिरका, मोकळा आवाज. दाई त्या पोरीला नावानं हाका मारून रडत होती.

राजा तसाच पाण्यात उतरला. कपडे भिजले, मुकुट घसरून वाहून गेला. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आई, माझ्या लेकीसाठी कुणीच रडत नाही गं!"

"तूच नाही म्हणाला होतास ना रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"मी चुकलो. घरी चल."

"चलते. पण आधी इथे बस. तुझा भाऊ आहे इथे."

राजा त्या काळ्या दगडांजवळ बसला. आधी नुसताच बसला. मग त्यानं एका दगडावर हात ठेवला, आणि लहानपणी रडायचा तसा, हुंदके देत रडू लागला. भावासाठी आणि लेकीसाठी, एकदमच. पलीकडच्या काठावर एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मग दुसरीनं. लढाईत ज्यांची मुलं गेली होती, ती माणसंही त्या दिवशी मनसोक्त रडली.

आज्ञा मागे घेतली गेली आणि दाई नगरात परत आली. राजानं पुढे पुष्कळ वर्षं चांगलं राज्य केलं. पण म्हातारपणी कुणी त्याला विचारलं की, महाराज, आता काय हवं, तर तो म्हणायचा, "भाऊ हवा होता. एकदा पोटभर भांडायला."

बाळांनो आणि मोठ्यांनो, आपल्या माणसाला निरोप देण्याचा हक्क कुठल्या राजानं दिलेला नसतो, म्हणून तो काढून घेण्याचा अधिकारही कुठल्या राजाला नसतो.