महाराजांच्या नाकाचा वाटा

मणभर मिरची कांडपघरात गेली आणि बाहेर आलेलं तिखट भरलं दोन शेर कमी! पुन्हा कमी!

"चोरी! दिवसाढवळ्या चोरी!" हिंगणगडचे गंभीररावमहाराज तराजूसमोर थयथयाट करत होते. नावाचेच गंभीर हो! एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघायचं नाही. आणि सध्या डोक्यात शिरला होता चोर.

ह्या चोरापायी त्यांनी महिन्यापूर्वीच कांडपघराच्या सगळ्या खिडक्या विटा लावून बुजवल्या होत्या. संध्याकाळी दारात पहारेकरी कांडपिणींची झडती घ्यायचे. पदर, कमरेची चंची, डोक्याचा अंबाडासुद्धा! सापडायचं काय? कपाळ!

आत मात्र बायांची दैना झाली होती. मुसळ पडलं की लाल धुरळा उडायचा आणि जायला वाट नसल्यानं तिथंच घिरट्या घालायचा. कुणाचे डोळे चुरचुरत, कुणाला शिंकांवर शिंका. सोनाई तर सगळ्यांत म्हातारी. रात्री तिची छाती अशी सूं सूं वाजायची, की तिची लेक चंद्री उठून बसायची आणि आईची पाठ चोळत राहायची. ह्या बंद खोलीत आई काही पावसाळा काढत नाही, ह्या धास्तीनं चंद्रीचा जीव पोखरला होता.

आणि आता हे वर!

"उद्या संध्याकाळच्या आत गेलेलं तिखट दरबारात हजर करा," महाराज कडाडले. "बाजारचं आणाल तर मी चवीनं ओळखीन! हेच तिखट हवं, ह्याच कांडपघरातलं! नाहीतर सगळ्या जणी तुरुंगात!"

बायांनी रडायला सुरुवात केली. उडून गेलेलं तिखट आणायचं कुठून? चंद्री मात्र पुढं झाली.

"आणते की, सरकार!"

"अगं सटवे, कुठून आणशील?" सोनाईनं तिचा दंड धरला आणि तिला खोकल्याची उबळ आली.

"तू बघच, आई!"

त्या संध्याकाळी एरवीसारखं कुणीही अंगावरचं लुगडं झटकलं नाही. उलट चंद्रीनं शिडी लावली. आढ्याची जळमटं, तुळयांवरचा थर, भिंतींवरची लाली, सगळं झाडून जुन्या घोंगड्यांत गोळा केलं. दुसऱ्या दिवशी घोंगड्या काखोटीला मारून बाया दरबारात हजर झाल्या. सोनाईला मात्र चंद्रीनं कांडपघराच्या अंगणातल्या लिंबाखाली बसवून ठेवलं होतं.

"आणलंस?" तराजू पुढं मांडून महाराजांनी विचारलं.

"आणलंय तर! पण सरकार, तिखट जिथं असेल तिथं खिडक्या बंद हव्यात. तुमचाच हुकूम आहे."

"वा! हिला माझा हुकूम कळतो!" महाराज खूश. "दिवाणजी, लावा सगळ्या खिडक्या! दारंसुद्धा!"

खिडक्या धडाधड लागल्या. बायांनी पदर नाकाला बांधले.

"झटका गं!" चंद्री ओरडली.

घोंगड्या उलगडल्या, लुगडी झटकली, डोईची फडकी फडफडली. आणि दरबार लालेलाल! दिवाणजी शिंकले, त्यांची पगडी उडून तराजूत पडली. चोपदारानं "महाराजांचा विजय असो" म्हणायला तोंड उघडलं, ते "महारा... रा... आक्छी!" राजवैद्य काढा शोधायला वाकले आणि खोकत सिंहासनाखालीच बसले.

महाराजांचं नाक तर सुजून मडक्याएवढं झालं! डोळ्यांतून धारा, घशात खवखव, छातीत सूं सूं.

"उघडा! खिड... आक्छी! खिडक्या उघडा!"

"अगंबाई! खिडकी उघडली तर चोर तिखट नेईल, सरकार!"

"नेऊ दे मेल्याला! माझा जीव गुदमरतोय! उघडा!"

दारंखिडक्या उघडल्या. वारा आला. धुरळा विरला. महाराज खिडकीला लोंबकळून श्वास घेत राहिले. जरा दम आल्यावर त्यांनी तराजूत पाहिलं. दिवाणजींची पगडी सोडली तर काही नव्हतं.

"भवाने! तिखट कुठाय?"

"आमच्याजवळचं सगळं तुमच्यासमोर झटकलं, सरकार. रोज ते आमच्या नाकात जातं, आज तुमच्या गेलं. आता घ्या झडती! पण पहिली महाराजांच्या नाकाची घ्यावी लागेल!"

महाराजांनी नाक चाचपलं. डोळे वटारले. तोंड उघडलं... आणि "हा हा हा... आक्छी!" हसावं की शिंकावं हेच त्यांना कळेना! पोट धरून ते सिंहासनावरून घरंगळले.

"चोर सापडला!" ते खाली बसूनच ओरडले. "चोर माझ्या नाकात बसलाय! दिवाणजी, बुजवलेल्या खिडक्या आजच्या आज फोडा! आणि ह्यापुढं उखळं लिंबाखाली, मोकळ्या वाऱ्यात! पोरी, तुला काय देऊ?"

"माझ्या आईला मिरचीपासून सोडवा, सरकार. एवढंच."

"उद्यापासून सोनाई माझ्या बागेत फुलं वेचील, पगार तोच! आणि तुला हा घे!" असं म्हणत महाराजांनी खांद्यावरचा जरीचा शेला काढला, सवयीनं त्यालाच नाक पुसलं, ओशाळले आणि दिवाणजींचा शेला ओढून चंद्रीला दिला.

तेव्हापासून हिंगणगडात तिखट कमी भरलं की पहारेकरी बोलावत नाहीत. दिवाणजी तराजू खाली ठेवतात आणि म्हणतात, "असू द्या! महाराजांच्या नाकाचा वाटा!"