औषधाने न ओळखलेला राजा

एका राज्यात राजापेक्षा त्याच्या कोंबड्यांचा रुबाब मोठा होता. राजा मेघवर्मा रोज सकाळी तीन अंडी खाई. त्यावाचून दरबारात त्याचं चित्त लागत नसे. खुराड्याचा कारभार गोजराबाईकडे होता आणि तिथे खुद्द राजाचंही काही चालत नसे.

एके सकाळी तांबडी कोंबडी शिंकली. मग काळी शिंकली. दुपारपर्यंत साऱ्यांचे डोळे चिकटले आणि तांबडी म्हणाली, "गोजरे, आता आमचं काही खरं नाही."

गोजराबाई तडक टेकडीवरच्या मांत्रिकाकडे गेली. त्याने निळ्या औषधाची कुपी दिली.

"तीन गोष्टी पाळ. आजारी कोंबड्यांत बाहेरचं पाखरू मिसळू देऊ नकोस. त्या तिसऱ्या दिवशी नाचू लागल्या, तरी औषध पाचही दिवस दे. आणि औषध चालू असताना व शेवटच्या थेंबानंतर दहा दिवस, त्यांचं अंडं कुणाच्या मुखी जाऊ देऊ नकोस. जो खाईल, त्याला कुठलंच औषध ओळखणार नाही."

पाच दिवसांत कोंबड्या बऱ्या झाल्या. गोजराबाई रोजची अंडी खड्ड्यात पुरून टाकी आणि शेवटच्या थेंबानंतरच्या दर दिवसाला भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी. राजा मात्र कासावीस झाला.

"महाराज," प्रधान भद्रमुख म्हणाला, "औषध कोंबडीच्या पोटातून अंड्यात उतरलं. म्हणजे अंड्याला दुप्पट गुण!"

असली अक्कल प्रधानांनाच सुचते. दुसऱ्या रेघेच्या दिवशी राजाने टोपलीतली तीन अंडी पळवली आणि उकडून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी बागेत त्याच्या पायात काटा मोडला. पाय सुजला. वैद्याने लेप लावला, तर लेप म्हणाला, "आपण कोण? ओळखलं नाही," आणि घरंगळत उंबऱ्याबाहेर गेला. काढाही घशातून माघारी फिरला.

"सूज गुडघ्याला आली," वैद्य म्हणाला. "कंबरेला पोचली, तर महाराज वाचायचे नाहीत."

राजा घाबरला, राजेही घाबरतात. पालखीतून तो खुराड्याशी आला.

"गोजराबाई, चुकलो. उपाय सांग."

गोजराबाई संतापली होती, पण तो पाय पाहून तिला कळवळा आला. तिने तांबडीकडे पाहिलं.

"तीन कामं," तांबडी म्हणाली. "खुराडं स्वतः झाडून हात धुवायचे. अंडी स्वतः पुरायची. आणि उरलेले दिवस खरे मोजायचे."

राजाने लंगडत झाडू मारला. अंडी पुरली. गोजराबाईच्या रेघांपुढे आपल्या रेघा ओढल्या. सूज मांडीवर चढली, तरी एकही रेघ त्याने जास्त ओढली नाही.

दहाव्या दिवशी तांबडीने असं टपोरं अंडं घातलं की प्रधानाच्या तोंडाला पाणी सुटलं.

"महाराज, एका दिवसाने काय होतं?"

राजाने अंडं हातात घेतलं. ते उबदार होतं आणि त्याला भूक लागली होती.

"प्रधानजी, आज दहावा दिवस आहे," तो म्हणाला आणि त्याने ते खड्ड्यात पुरलं.

त्याच क्षणी फाटकातून लेप घरंगळत आला. "अरे, हे तर आपले महाराज!" म्हणत पायावर चढून बसला. संध्याकाळपर्यंत सूज उतरली.

अकराव्या दिवशी गोजराबाईने अंडं पुढे केलं. "खा आता, महाराज."

राजाने आधी भिंतीवरच्या रेघा मोजल्या, मग हात धुतले, मग अंडं घेतलं. त्या राज्यात तेव्हापासून गोजराबाईचा शब्द दरबारात चालतो आणि खुराड्याचा झाडू प्रधानाकडे असतो.