ग्रंथकाराची झोप

फार फार वर्षांपूर्वी, ज्या राज्याचं नावही आता कुणाच्या तोंडी उरलेलं नाही अशा एका राज्यात, एक मोठा ग्रंथकार राहत होता. लहानांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. आणि मोठ्यांनो, तुमच्यासाठी जरा जास्तच आहे.

चाळीस वर्षांत त्यानं पंधरा कादंबऱ्या लिहिल्या. राजा त्या रोज जेवणानंतर वाचून घेई. पाणवठ्यावरच्या बायका त्यांतल्या माणसांबद्दल आपल्या नात्यातली असल्यासारखं बोलत. सोळावी कादंबरी लिहिता लिहिता एका दुपारी त्याच्या हातातला बोरू गळला, मान कागदावर टेकली आणि पुन्हा वर झाली नाही.

मेल्यावर त्याला दुःख झालं नाही. हायसंच वाटलं. ‘सुटलो एकदाचा,’ तो मनाशी म्हणाला. ‘आता नुसतं पडून राहायचं.’

बरंच चालल्यावर एक संथ नदी लागली आणि नदीपलीकडे एक वस्ती. तिथे सदा उतरतीचं ऊन असे. बुटकी बुटकी घरं, प्रत्येक घरात एक बाज. देखरेखीला एक म्हातारा होता. त्यानं ग्रंथकाराला एक घर दाखवलं आणि तो निघून गेला.

ग्रंथकार आडवा झाला. डोळे मिटले. पण झोप येईना. शेजारच्या घरात त्याच दिवशी एक कुंभार आला होता, तो पाठ टेकताच घोरू लागला. पलीकडे एक पालखीचा भोई आला, तोही झोपला. ग्रंथकार मात्र या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. कितीतरी दिवस असेच गेले. अंग आंबून गेलं, डोळे चुरचुरू लागले.

शेवटी त्यानं म्हाताऱ्याला गाठलं. “अहो, मी काय कमी राबलो? माझ्याच वाट्याला झोप का नाही?”

“झोप मी वाटत नाही, बाबा,” म्हातारा म्हणाला. “मागे काही राहिलं असेल, तर ती अडते.”

“सोळावी कादंबरी राहिली आहे.”

म्हाताऱ्यानं कागद, दौत आणि बोरू आणून दिला. ग्रंथकार कण्हत कुंथत बसला आणि त्यानं कादंबरी पुरी केली. शेवट झकास जमला. मग तो बाजेवर पडला. झोप नाहीच.

“मग काय राहिलं असेल?” त्यानं विचारलं.

“ते मला कसं ठाऊक असणार?” म्हातारा म्हणाला. “मात्र वस्तीच्या त्या टोकाला एक बाई आहे. येऊन एकोणीस वर्षं झाली, तीही अजून झोपलेली नाही. तुमच्याच गावची आहे म्हणे.”

 ग्रंथकाराची बायको भागीरथी जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

तो निघाला. जाताना लिहिलेले कागद बरोबर घ्यायला विसरला नाही.

भागीरथी दारातच बसली होती. हात मांडीवर ठेवलेले. ती होती तोवरच्या त्याच्या प्रत्येक कादंबरीच्या चार चार नकला याच हातांनी केल्या होत्या. उजव्या हाताचं मधलं बोट अजून तसंच वाकडं होतं.

“आलात?” ती म्हणाली. “बसा. पाय दुखत असतील.”

तो बसला. त्यानं कागद पुढे केले. “सोळावी पुरी झाली. वाचून दाखवू?”

“नको.”

“अगं, पण शेवट तर ऐक.”

“नको म्हटलं ना. तुमच्या बाकीच्या कादंबऱ्यांनी माझा नुसता हात दमला. पण सातवीतल्या त्या एका प्रकरणानं मी सगळीच दमले.”

कोणतं प्रकरण, ते त्यानं विचारलं नाही. साऱ्या राज्याला ते पाठ होतं. त्यात एका बापाची लाडकी लेक तापानं फणफणते. बाप तीन दिवस तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवतो, आणि शेवटी ती त्याच्या मांडीवर डोळे मिटते. ते वाचून रडला नाही असा माणूस त्या राज्यात नव्हता. आणि ती लेक म्हणजे ग्रंथकाराचीच आठ वर्षांची चिमा, हेही सगळे जाणून होते.

“देवळात बायका मला धरून म्हणायच्या, भाग्याची गं तू, असा नवरा मिळाला,” भागीरथी सांगू लागली. “मी मान डोलवायची. काय सांगणार? पुढे पुढे लोकच मला सांगायला लागले, चिमा कशी गेली ते. मग एक दिवस माझ्या डोळ्यांसमोरही तुम्ही तिच्या उशाशी दिसायला लागलात. मी घाबरले. माझी पोर खरी कशी गेली, हे ठाऊक असलेली मी एकटीच उरलेय. इथे आले तेव्हापासून तेच धरून बसलेय. वाटतं, डोळा लागला तर तेवढंही हरवेल.”

ग्रंथकारानं कागद खाली ठेवले. मग तो बोलू लागला, “त्या दिवशी आभाळ शिशासारखं जड होतं, आणि एका करंट्या बापाच्या काळजात...”

“असं नको,” ती म्हणाली. “लिहिल्यासारखं नको. झालं तसं सांगा.”

 चाळीस वर्षं शब्द त्याच्याकडे धावत येत होते. आता एक एक शब्द त्याला विहिरीतून ओढून काढावा लागला.

“मी माडीवर होतो,” तो म्हणाला. “दाराला आतून कडी होती.”

“हं.”

“तू दोनदा दार वाजवलंस. ती बोलावतेय म्हणालीस. मी म्हटलं, एवढं प्रकरण संपू दे.”

“पुढे?”

“संपवून खाली आलो. तोवर ती गेली होती.”

“काय लिहीत होतात तेव्हा?”

“राणीच्या बागेचं वर्णन.”

“ते कुठल्याच कादंबरीत मी उतरवलेलं नाही.”

त्यानं मान खाली घातली. “नंतर काढून टाकलं. नीट जमलं नव्हतं.”

 ऊन तसंच पायरीवर पडून होतं.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “तेव्हा चुकलं, आणि ते प्रकरण लिहिलं तेव्हा त्याहून चुकलं. लोकांकडून मी स्वतःला माफ करून घेतलं. तुला विचारलंच नाही.”

तिनं मोठा श्वास सोडला. “तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते आता. तिला तुमचा राग नव्हता. बाबांचं झालं का, एवढंच विचारत होती. मी म्हटलं, होतच आलंय. मग म्हणाली, माझ्या केसांत गुंता झालाय, तो सोडव. मी सोडवत होते. अर्धा सुटला होता.”

ग्रंथकार ऐकत राहिला. यातलं काय कुठे वापरता येईल, हा विचार पहिल्यांदाच त्याच्या मनात आला नाही. त्याला फक्त रडू आलं.

“आता तुम्हालाही ठाऊक झालं,” भागीरथी म्हणाली. “जरा पडते मी.” ती आत जाऊन बाजेवर आडवी झाली आणि पाठ टेकते न टेकते तोच तिला झोप लागली. एकोणीस वर्षांची झोप होती ती.

ग्रंथकार उठून म्हाताऱ्याकडे गेला. “मला एकदा खाली जाऊ द्या. तेवढं एकच प्रकरण बदलून येतो.”

“इथून कुणी परत जात नाही,” म्हातारा म्हणाला. “बदलायचं होतं, तेव्हा बोरू तुमच्याच हातात होता.”

तेव्हापासून ग्रंथकारालाही झोप येते, पण तुटक तुटक. खाली त्या राज्यात कुणी सातवी कादंबरी उघडून त्या भल्या बापासाठी डोळे पुसू लागलं, की हा इथे दचकून जागा होतो, भागीरथीच्या दारापर्यंत जातो, ती शांत झोपली आहे ना ते पाहतो आणि परत येऊन पडतो.

तात्पर्य: आपण ज्याचे अपराधी, त्याच्यापाशी जिवंतपणीच खरं बोलावं; जगाला सांगितलेलं गोड खोटं, ज्याला खरं ठाऊक असतं त्यालाच सगळ्यांत जास्त थकवतं.