एकोणीस पोरांचा शेर

"पोर दिसलं तर शेर, नाही दिसलं तर ढेकूळ!" असे म्हणून आबाजी कारकुनाने शाळेच्या हजेरीतली एकोणीस नावे एका रेघेत खोडली.

ही सगळी पोरे धनगरांची. राजा रणधीररावाचा नियम असा होता, की शाळेत हजर असलेल्या पोरामागे रोज शेरभर जोंधळा मिळायचा. निम्मा पोराच्या भाकरीला, निम्मा पंतोजीला. पण दिवाळी सरली की धनगर मेंढरे घेऊन घाट उतरत, ते पाऊस तोंडावर आला की परतत. सहा महिने पोरे वाटेवर. म्हणून पंतोजीने युक्ती केली होती. राजाचा टपाल नेणारा जासूद घाट उतरताना लाकडी पाट्यांवर धडा घेऊन जाई, आणि चढताना पोरांनी शाईने लिहिलेली उत्तरे घेऊन येई. शाळा चालू, मेंढरेही चालू!

आता शेर बंद झाला. धनगरांची धुरपा घाटाखालच्या कारकुनाकडे गेली. तो म्हणाला, "ही पोरं वरची. वरच्यांनी द्यावं." वर आली, तर आबाजी म्हणाला, "पोरं खाली गेली. खालच्यांनी द्यावं."

"मग आमची पोरं हायत तरी कुठं? मधल्या खिंडीत टांगलीत का?"

आबाजीने दौतीचे झाकण लावले.

पंतोजीच्या घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती. तो म्हणाला, "धुरपे, सोमवारपासून शाळा बंद. उपाशी पोटी बाराखडी निघत नाही गं."

धुरपा सोळा वर्षांची, शाळेतली सर्वांत थोरली; यंदा ती वरच राहिली होती, म्हणून खोडलेल्या एकोणिसांत नव्हती. नुकती कुठे तिला जोडाक्षरे जमू लागली होती. तिने काठी उचलली, ती थेट दरबारात.

राजा हट्टी होता. पहिल्यांदा 'नाही' म्हणायचे आणि मग ऐकायचे, ही त्याची सवय.

"नाही!" राजा म्हणाला. "काय म्हणणं आहे?"

"म्हाराज, तुमच्या पागेतला घोडा खाली कोकणात गेला तर त्याची दाण्याची चंदी बंद करता का?"

"घोडा जाईल तिथं चंदी जाईल. त्यात विचारायचं काय?"

"मग घोड्याला येक न्याव आन् पोराला दुसरा?"

दरबारात कोणीतरी फिसकन हसले. राजाच्या कपाळाला आठी पडली.

"घोडा मोजणारा माणूस घोड्याबरोबर चालतो. तुमची पोरं कोण मोजतं? मेंढ्या? मी डोळ्यांनी पाहीन तेच मानीन! आजपासून आठव्या दिवशी एकोणीसही पोरं या दरबारात हजर कर. पण ध्यानात ठेव, एकाही पोरानं घाटाखालचा तळ सोडायचा नाही. जमलं तर शेर सुरू. नाही जमलं तर शाळेला कुलूप, आणि पंतोजी माझ्या हत्तीखान्यात शेण उचलायला!"

धुरपाने मुजरा केला. "येते आठव्या दिवशी."

आठव्या दिवशी ती आली. बरोबर पंतोजी आणि तट्टू, तट्टावर गोण. तिने एकोणीस पाट्या काढून ओळीने गादीसमोर मांडल्या.

"घ्या म्हाराज. मोजा."

राजा वाकून वाचू लागला. एकीवर होते, 'काळ्या मेंढीला जुळे झाले. एक पांढरे आहे. बाप कोण ते कळत नाही.' दुसरीवर आठाचा पाढा, त्यात आठ सत्ते चोपन्न. तिसरीवर आबाजी कारकुनाचे चित्र, पोट पाटीबाहेर गेलेले! राजाने मिशीआड हसू दाबले.

"हे लाकूड झालं. पोरं कुठं आहेत?"

"आणि अक्षरंही शिळी आहेत, महाराज," आबाजी घाईने म्हणाला. "चार दिवसांपूर्वीची!"

धुरपा पुढे झाली. "म्हाराज, रागावणार नसाल तर येक इचारू? आपल्या लग्नाला किती वर्सं झाली?"

"चौदा."

"मुहूर्ताच्या येळंला आपण कुठं हुता?"

राजाची छाती फुगली. "कुठं म्हणजे? पन्नास कोसांवर, शत्रूच्या किल्ल्याला वेढा घालून! मुहूर्त टळू नये म्हणून मी माझा खांडा पाठवला. नवरीनं त्या तलवारीला माळ घातली. आमच्या घराण्याची रीतच आहे ती."

"खांडा कधी निघाला हुता?"

"पाच दिवस आधी."

"म्हंजे लोखंड, त्येबी पाच दिवसांचं शिळं." धुरपाने मान हलवली. "तर म्हाराज, आपल्या लग्नात आपण हजर हुता का गैरहजर?"

चिकाच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या.

"सांगा ना!" आतून राणीसाहेब म्हणाल्या. "गैरहजर असाल तर माझं लग्नच झालं नाही. मी आज माहेरी निघते. आंदणात आलेली पाच गावं आणि तुमचा तो लाडका हत्तीही नेते!"

"हजर होतो!" राजा गादीवरून उठलाच. "पूर्ण हजर होतो!"

"मग झालं की," धुरपा म्हणाली. "तुमच्या खांड्याला येक अक्षर येत नव्हतं, तरी त्यो नवरदेव ठरला. ह्या लाकडावर तर पोरांनी सोताच्या हातानं लिवलंय!"

राजा आधी पडद्याकडे पाहत राहिला, मग पाट्यांकडे. आणि गदगदून हसला. इतका हसला की पगडी सावरावी लागली.

"लिही आबाजी! एकोणीस पोरं हजर! जिथं पाटी, तिथं शेर. घाट चढो की उतरो. मागचा थकलेला जोंधळाही द्यायचा. आणि तो तू स्वतः घाट उतरून पोचवायचा, म्हणजे पोटाचं चित्र जरा पाटीत मावेल!"

पंतोजी डोळे पुसत पाट्या गोळा करू लागला. पडद्याची कड हलली. एक गोरा हात बाहेर आला आणि मनगटातला सोन्याचा गोठ धुरपाच्या ओंजळीत पडला.

"घे पोरी," राणीसाहेब म्हणाल्या. "चौदा वर्षं मला हेच विचारायचं होतं!"