दिवडांचे कुंड

कुरणवाडीच्या भैरोबामागे जे कुंड आहे, त्याला पायऱ्या सात की नऊ, हे म्हातारे आठवून सांगतात आणि दर वेळी वेगळे सांगतात. निम्म्या पायऱ्या पाण्याखालीच असतात. त्यांच्या फटींत दिवड राहतात. अंगावर चौकटी असलेले पाण्यातले साप. त्यांना इथे कोणी मारत नाही. त्याचे कारण असे सांगतात.

फार पूर्वी तुळाजी आणि मकाजी शेळके या भावांत कुंडाच्या पाण्यावरून वाद पेटला. पहिली पाळी कोणाची, एवढाच. एकाने पाणी सोडायची मोरी उघडली की दुसरा दगड-चिखलाने बुजवी. बावीस दिवस कुणालाच पाणी मिळाले नाही. खाली निंबाजी गुरवाचा पानमळा होता. त्याचे वेल माना टाकू लागले. निंबाजीने समजावले, हात जोडले, भैरोबाची आण घातली. दोघे ऐकून घेत, मान डोलवत आणि पुन्हा आजोबांच्या वाटणीपासून सुरू करत.

तेविसाव्या दिवशी निंबाजी वैतागला. "उतरा दोघं पाण्यात," तो म्हणाला. "खऱ्याला दिवड शिवायचा न्हाई."

सारा गाव जमलेला, त्यामुळे माघार कोणालाच घेता येईना. दिवडही डिवचला की मान चपटी करून उभा राहतो, आणि तसा प्रत्येक साप तेव्हा, म्हणे, नागाच्याच जातीचा समजत. दोघे कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि निंबाजीला शंका आली. लहानपणी त्याला इथेच साप चावला होता आणि काही झाले नव्हते, त्याच भरवशावर तो बोलला होता. पण तो दिवडच होता का? आईने तसे सांगितले होते, की आपणच धरून चाललो? काही केल्या आठवेना. वर या म्हणायला त्याने तोंड उघडले, तर त्या दोघांचे पाण्यातही हातवारे करून भांडण चालूच होते.

ढवळलेले पाणी दिवडांना खपले नाही. आधी मकाजीच्या मनगटाला चावा बसला, मग तुळाजीच्या. रक्ताची धार लागली.

मकाजी पायरीवर कोसळला. "दादा, पाळी तुझीच व्हती. बा जाताना मला बोलला व्हता."

"आन् तुझ्या पाळीचं पाणी मी दर साली चोरलं, त्याचं काय?" तुळाजी म्हणाला.

दोघे गळ्यात गळा घालून मरणाची वाट पाहत बसले. निंबाजी म्हणाला, "मरायच्या आधी मोरी तरी उघडा."

त्यांनी ती उघडली. दुपारी पाणी पानमळ्यात पोचले आणि दिवेलागणीला तुळाजीने भाकर मागितली. भैरोबाने माफ केले, असे गाव म्हणाला.

आजही पाण्याचा तंटा झाला की दोन्ही पक्षांना कुंडात उतरवतात. बहुतेकांचे दुसऱ्या पायरीवरच मिटते.

निंबाजीला मात्र त्या दिवसाने सोडले नाही. म्हातारपणी, शेळके बंधू नातवंडे खेळवत असताना, एका दुपारी तो कुणाला न सांगता कुंडावर गेला आणि फटीत हात घातला, असे सांगतात. चावला तो दिवडच, हे त्याने नीट निरखून घेतले. मग संध्याकाळपर्यंत स्वतःची नाडी धरून बसला. हात दुखला, बाकी काही झाले नाही.