जोमाची उडी

फार वर्षांपूर्वी, भालखारला अजून वीज आली नव्हती आणि खाडीकाठच्या मिठागरांत मिठाच्या पांढऱ्या राशी लागायच्या, तेव्हाची ही गोष्ट. यातलं खरं किती ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनी जोमाला डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिखटमीठ लावल्याशिवाय त्यांना साधं जेवणाचं आमंत्रणही देता येत नसे.

भात झोडून झालं की भालखारची पोरं रिकाम्या शेतात दोन वासे रोवायची, मासेमारीचं जुनं जाळं बांधायची आणि व्हॉलीबॉल खेळायची. जत्रेच्या दिवशी सामना असे शेजारच्या नवखारशी. जो जिंकेल त्याच्या गावात देवीची पालखी आधी. चेंडू हाणता दोन्ही गावांना यायचा, अडवता कुणालाच येत नव्हता. जोमा ताडासारखा उंच, म्हणून थोरल्या भावानं, पोशानं, त्याला जाळ्याजवळ उभं केलं. पण अडवणं म्हणजे माशी मारणं, अशी जोमाची समजूत. नवखारच्या कान्हानं हात उगारला रे उगारला, की हा आधीच उडायचा, चेंडूवर चापट ओढायचा आणि जाळ्यात अडकायचा. जाळ्याला हात लागला की गुण समोरच्याचा. त्या वर्षीचा शेवटचा गुण असाच गेला.

दोघा भावांची आई सकाळपासून आरतीचं ताट घेऊन उंबऱ्याशी बसली होती. पालखी नवखार फिरून दिवेलागणीला आली, तेव्हा म्हातारीचा बसल्या जागी डोळा लागला होता. तिला उठवेपर्यंत पालखी पुढे गेली. पोशानं ते पाहिलं.

"तुला जालीजवल उबा केला, तीच माजी चूक," एवढं तो बोलला आणि जोमाशी बोलणंच टाकलं. एका पंगतीत जेवायचे, एका अंगणात झोपायचे, पण शब्द नाही. हरल्याचं जोमाला फारसं वाटलं नाही हो. या अबोल्यानं मात्र तो खंगत चालला.

मिठागराच्या बांधावर चांगीआत्या चिखल थापायची. उधाण आलं तसं तिनं जोमाला हाताशी घेतलं. लाट आली की हा दचकून फावडं उगारायचा. आत्या हसली.

"बांद कदी पान्यामागं धावतो का रं? पानी कुटशी येतं तं बगून ठेव, न थितं निस्ता उबा ऱ्हा."

जोमा हात पुढे करून उभा राहिला. असं म्हणतात, त्या दिवशी भरतीचं पाणी त्याच्या तळव्यांपाशी येऊन मागे फिरलं. फिरलं असेल, नसेल. जोमाला मात्र कळायचं ते कळलं. त्यानं जाळ्याला बैलांचे घुंगरू बांधले. संध्याकाळी आत्या समोरून चिखलाचे गोळे फेकायची आणि जोमा अडवायचा. गोळ्याकडे बघायचं नाही, आत्याच्या खांद्याकडे बघायचं. तिचा हात वर जाऊ द्यायचा, मग उडायचं. बोटं ताठ, तळवे जाळ्यापलीकडे, आणि मारायचं नाही, नुसते धरून ठेवायचे. घुंगरू वाजले की चुकलं. गावाला रोज घुंगरू ऐकू यायचे. हळूहळू कमी झाले आणि एके दिवशी वाजलेच नाहीत.

"सोरला नाद पोऱ्यानं," लोक म्हणाले. पोशा बघायला गेला. जोमा कोपरापर्यंत चिखलानं माखून उड्या मारत होता आणि जाळं जागचं हलत नव्हतं. पोशा आल्या पावली परतला. जत्रेला मात्र त्यानं जोमाला जाळ्याजवळच उभं केलं.

सामना शेवटच्या गुणावर आला. कान्हासाठी चेंडू वर चढला. असा चढला, असं म्हणतात, की घारींनी वाट सोडली. दोन हातांनी हा मार अडायचा नाही, हे पोशाला दिसलं. तो धावत भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. पण उडायचं केव्हा, ते त्याला कुठं माहीत? वर्षभर मिटलेलं तोंड त्याला उघडावंच लागलं.

"कवा रं?"

जोमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नजर कान्हाच्या खांद्यावरून हलली नाही. "थांब, दादा. थांब... आता!"

दोघे भाऊ उडाले. असं म्हणतात, ते खाली यायलाच विसरले. पालखीचे भोई बघत राहिले, आरतीतला कापूर जळून संपला, तेव्हा कुठं त्यांचे पाय जमिनीला लागले. चेंडू कान्हाच्या पायाशी पडला होता. पालखी त्या दिवशी सकाळच्या उन्हात म्हातारीच्या दारी आली आणि ती टक्क जागी होती.

आता मिठागरं बुजली, तिथं कंटेनर उभे असतात. पालखी टेम्पोतून येते, आधी कुठं याचं कुणाला काही नाही. ते दिवस गेले, याचं वाईट वाटतं. पण जत्रेच्या सामन्याआधी भालखार अजून जोमाची उडी घेतं. ज्या दोघांत अबोला असेल त्यांना जाळ्याजवळ शेजारी उभं करतात. थोरल्यानं विचारायचं, धाकट्यानं सांगायचं, दोघांनी मिळून उडायचं. त्याशिवाय चेंडू उडत नाही. आणि असा एखादा जोडा गावात दर वर्षी निघतोच, भालखारच ते!

गेल्या वर्षी जमिनीच्या वाटणीवरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ उभे केले होते. थोरला कितीतरी वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. सामना खोळंबला. मग त्यानं मान वर न करताच विचारलं,

"कवा रं?"